स्टो की बंद पेटी?

मी हात वर केला तो खाजेवाल्याला हाक मारायला. एवढं आधीच सांगून ठेवतो, कारण 'लवू कारकून रेडिओसाठी स्टेजवर धावला' अशी जी बातमी आमच्या गावापासून थेट मालवणच्या माझ्या कचेरीपर्यंत पोचली, ती साफ खोटी आहे. (धावलो नाही. ढकलला गेलो.)

सातेरी देवीच्या जत्रेला यंदा एका चहा कंपनीची गाडी आली होती. देवळासमोर फळ्यांचं स्टेज, बांबूवर कर्णा आणि माइकमागे मुंबईचे एक टायवाले गृहस्थ. 'नशीब आजमावायला कोण येतंय?' असं त्यांनी विचारलं, नेमका तेव्हाच माझा हात वर होता. खाजेवाल्यानं काही बघितलं नाही. टायवाल्यांनी बघितलं, आणि मागच्या लोकांनी मला ढकलत स्टेजपर्यंत नेलं.

मी परत फिरणारच होतो. पण स्टेजवर मांडलेला पितळी स्टो दिसला आणि पाय अडले. आमची रुक्मिणी लग्न झाल्यापासून ओल्या लाकडांशी झगडते आहे. सकाळी माझा चहा होईपर्यंत तिचे डोळे लालभडक झालेले असतात, आणि मी त्या डोळ्यांकडे न बघता चहा पितो. स्टो आणतो असं मी दर दिवाळीला म्हणतो. बायकांच्या घोळक्यात बसलेली रुक्मिणी आता त्या स्टोकडेच बघत होती.

पहिली परीक्षा नशिबाची. तीन उपड्या कपांपैकी एकाखाली चहाची पुडी. मी मधला उचलला आणि पुडी निघाली. पुडीलासुद्धा आश्चर्य वाटलं असावं.

दुसरी परीक्षा धैर्याची. डोळे बांधून मडक्यात हात घालायचा. भल्याभल्यांनी इथे किंकाळी फोडली आहे, असं टायवाल्यांनी बजावलं. मी हात घातला. आत कुर्ली होती, जिवंत आणि चांगली भरलेली. मुंबईत म्हणे खेकडा हाताला लागला की लोक ओरडतात. आमच्याकडे तो मागून कसा धरायचा हे पाळण्यातच शिकवतात. मी कुर्ली वर काढली आणि ही घरी न्यायला मिळेल का, असं अदबीनं विचारलं. टायवालेच मागे सरकले.

स्टो माझ्या हातात आला. तेवढ्यावर खाली उतरलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण टायवाल्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. 'स्टो घेऊन जा, नाहीतर तो परत करा आणि ही बंद पेटी घ्या. आत काहीही असेल. बॅटरीवरचा रेडिओसुद्धा.'

गावात अजून वीज यायची आहे, आणि रेडिओ फक्त खोतांच्या माडीवर बोलतो. माझा शेजारी पेद्रू खालून 'पेटी घे' म्हणून गळा काढू लागला. दुसऱ्या अंगानं लोक 'स्टो, स्टो' करू लागले. माझं डोकं चालेना. (कचेरीत अशा वेळी मी कागद साहेबांकडे पाठवतो.) इथे साहेब कोण? मी म्हटलं, देवीचा कौल घेऊ या.

टायवाल्यांना वाटलं, मिनिटभराचं काम. जत्रेला तर त्यात काही वेगळं वाटलंच नाही. लग्न ठरवायचं, विहीर खणायची, सगळं आम्ही कौल घेऊनच करतो, मग पेटीनं काय पाप केलंय? महादू गुरवानं देवीच्या मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर पेटी, डावी पडली तर स्टो. मग त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं.

'गो आई सातेरी, ह्या तुज्या लेकराक स्टो व्हयो काय रेडिओ व्हयो, ता ह्येका कळणा नाय.'

'व्हय म्हाराजा,' सगळी जत्रा म्हणाली.

'ह्येका मुळातच काय कळणा नाय.'

'व्हय म्हाराजा.' हे आधीपेक्षा मोठ्यानं.

पाकळ्या हलेनात. टायवाल्यांनी घड्याळ बघितलं, घाम पुसला. ड्रायव्हरनं गाडी चालू करून पुन्हा बंद केली. देवी विचार करते आहे, घाई करू नका, असं महादूनं कळवलं. स्टो मी टेबलावर ठेवून दिला होता, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात रेडिओची जागासुद्धा ठरवली होती. खिडकीजवळची, म्हणजे पेद्रूला ऐकू जाईल.

तेवढ्यात रुक्मिणी उठली. पदर खोचून स्टेजवर चढली, माझ्याकडे न बघता तिनं स्टो उचलला आणि काखेत मारला. 'देवीक कित्याक तरास देतास?' एवढंच म्हणाली.

टायवाल्यांना सुटल्यासारखं झालं. त्यांनी घाईघाईनं पेटी उघडली. आत भोपळा होता. देठासकट.

आज हे लिहितो आहे आणि आत स्टो फरफरतो आहे. रुक्मिणीचे डोळे कोरडे आहेत, आणि मी आता त्यांच्याकडे बघत चहा पितो. मी तिचा जन्माचा ऋणी आहे. देवीचाही आहे, कारण तिनं कौल द्यायला उशीर केला म्हणून रुक्मिणीला उठायला वेळ मिळाला. टायवाल्यांचे उपकारही मी विसरणार नाही. फक्त जाता जाता त्यांनी रुक्मिणीपुढे माइक धरला नसता तर बरं झालं असतं.

'वहिनी,' त्यांनी विचारलं, 'पेटीचा मोह तुम्हाला कसा झाला नाही?'

'न बघता बंद पेटी मी एकदाच घेतलंय,' रुक्मिणी माइकमध्ये शांतपणे म्हणाली, 'बापाशीन सांगल्यान म्हणान. ती बगा, तुमच्या बाजूक उबी आसा.'