सात नंबरचा हिरवा ठिपका

खडीच्या खाणीतलं सात नंबरचं खोदाई मशीन महिना सुरू झाल्यापासून जागचं हललं नव्हतं, आणि महिना संपताना त्याला ‘निर्दोष यंत्र’ हा फिरता चषक जाहीर झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, असा कार्यालयाचा खुलासा होता. संबंध आहे असं म्हणणारा खाणीत एकच माणूस होता, आणि नेमकी त्यालाच शुक्रवारची रजा हवी होती.

त्याला सगळे मीटरमास्तर म्हणत. एकेकाळी डिझेल इंजिनाला कान लावून दुखणं ओळखणारे मास्तर आता खिशात मीटर घेऊन फिरत, कारण आताची इंजिनं कानात सांगत नाहीत. इंजिनाचा कॉम्प्युटर आपली दुखणी एकमेकींना पीळ घातलेल्या दोन वायरींवरून सीटखालच्या पेटीला कळवतो, पेटी कार्यालयातल्या भिंतीला कळवते, आणि भिंतीवर त्या मशीनचा ठिपका लाल होतो. दुखणं नसेल तर हिरवा. रोज सकाळी दहा वाजता यंत्रस्वास्थ्य प्रमुख लाल ठिपके मोजून आकडा वर पाठवत. एक जरी ठिपका लाल असेल, तर मेकॅनिकला रजा नाही.

शुक्रवारी मास्तरांच्या बायकोच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तीन महिने वाट पाहिल्यावर मिळालेली तारीख. आणि घरचं माणूस बरोबर हवं, शेजारीण चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सोमवारी मास्तर सात नंबरवर चढले, तेव्हा चालक सीटवर पेपर वाचत बसला होता.

“काय होतंय हिला?”

“इंजिन चालू होतं मास्तर, पण नुसतं गुरगुरतं. उचल म्हटलं तर बकेट उचलत नाही. समोरचा पडदा काळा. चार आठवडे तक्रार करतोय, पण लाल ठिपक्याशिवाय तक्रारीचा अर्जच उघडत नाही म्हणतात.”

मास्तरांनी बॅटरी बंद करून मीटरच्या दोन्ही काड्या वायरींना टेकवल्या. आकडा पाहून जुनं माणूस भेटल्यासारखे हसले.

“एकशेवीस ओहम. साठ हवेत.”

“दुप्पट आलेत? मग चांगलंच की! आपल्याकडे दुप्पट आलं की टाळ्या वाजवतात.”

“अरे बाबा, वायरींच्या दोन्ही टोकांना एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही जागेवर असले की मीटर साठ दाखवतो. एकशेवीस म्हणजे मध्येच कुठेतरी वायर तुटली आहे. इंजिन बोलतंय, ऐकणारं कुणी नाही.”

सीटमागच्या लोखंडी पट्टीवर घासून घासून दोन्ही वायरी तुटल्या होत्या. महिनाभर पेटीला इंजिनाचं एकही दुखणं कळलं नव्हतं, म्हणून ठिपका हिरवा, आणि म्हणून चषक. मास्तरांनी तासाभरात वायरी जोडल्या. मीटरवर साठ आले, पडदा उजळला, आणि महिनाभर तोंड दाबून धरलेल्या इंजिनाने सगळं भडाभडा सांगून टाकलं. तेलाचा दाब कमी, फिल्टर तुंबलेला, पाणी उतरलेलं. एकूण सतरा दोष. भिंतीवरचा ठिपका लालभडक झाला.

मास्तरांना बोलावणं आलं.

“मास्तर, काय करून बसलात?” प्रमुखांनी विचारलं.

“वायर जोडली साहेब.”

“त्याआधी मशीनमध्ये दोष किती होते?”

“सतराच.”

“कागदावर?”

“कागदावर शून्य.”

“म्हणजे तुम्ही हात लावल्यावर सतरा दोष निर्माण झाले.”

“निर्माण नाही झाले साहेब, कळले.”

“कळेपर्यंत ते मशीनचे होते मास्तर. कळल्यावर कार्यालयाचे झाले. चषकावर नाव कोरून आलंय, त्याचं मी काय करू?”

“मग सतरा दोष दुरुस्त करतो. सामान द्या.”

“सामान सदोष यंत्राला मिळतं. सात नंबर चषकप्राप्त आहे.”

“आणि शुक्रवारची रजा?”

“लाल ठिपका असताना? नियम काही मी केलेला नाही,” असं म्हणून प्रमुखांनी नियमाच्या कागदावरची आपली सही पेपरवेटखाली सरकवली.

बुधवारी समिती बसली. सात नंबर महिनाभर इतकं निरोगी कशामुळे राहिलं, याचा तिने सखोल अभ्यास केला आणि संध्याकाळपर्यंत परिपत्रक निघालं: उरलेल्या तेरा यंत्रांना ‘सात नंबर पद्धत’ तातडीने लागू करावी, सात नंबरही पूर्ववत निरोगी करावं. कार्यवाही: मीटरमास्तर.

घरी बायको वाट पाहत होती.

“शुक्रवारचं काय ठरलं?”

“बघतोय.”

“तुम्ही बघा हो, मला कुठे दिसतंय! सकाळी तुमच्या चहात मीठ पडलं माझ्या हातून. आणि तुम्ही प्यायलातसुद्धा!”

“मला वाटलं, रागावली आहेस.”

“रागावले असते तर चहा केला असता का?”

मास्तरांनी मग तिला हिरव्या-लाल ठिपक्यांची सगळी हकीकत सांगितली. गुरुवारी सकाळी त्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

“साहेब, फक्त पेटीचा प्लग काढतो. ठिपके हिरवे राहतील आणि मशीनंही चालतील.”

“चालवायची कशाला?” प्रमुख दचकले. “चालली की बिघडतात.”

चौदा मशीनं, अठ्ठावीस वायरी. आयुष्यभर जोडत आलेल्या माणसाचा हात पहिली वायर तोडताना थोडा अडखळला. पाचव्या मशीनपासून सवय झाली. दहा वाजता भिंत हिरवीगार होती. खाणीत इतकी शांतता पसरली, की यार्डातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. “याला म्हणतात देखभाल!” प्रमुख गहिवरून म्हणाले आणि त्यांनी रजेच्या अर्जावर सही केली.

ऑपरेशन छान झालं. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या बायकोजवळ मास्तर बसले होते, तेवढ्यात नर्स रक्तदाबाचं यंत्र घेऊन आली.

“काका, आलाच आहात तर तुमचंही बघू. हात पुढे करा.”

मास्तरांनी हात पाठीमागे नेला.

“मला काही नाही हो.”

“कशावरून?”

“कधी मोजलंच नाही.”

बायको पट्टीआडून म्हणाली, “राहू दे गं ताई. त्यांचा ठिपका हिरवा आहे.”

नर्सला काही समजलं नाही. तुम्हाला समजलं आणि तुम्ही हसलात, बरं वाटलं. आता एक करा. मागच्या महिन्यात तपासणीला रक्त दिलं होतंत, त्याच्या रिपोर्टचं पाकीट खणात वीजबिलांखाली तसंच बंद पडलंय ना? ते मुळीच फोडू नका. चषक या महिन्यात रिकामा आहे, आणि समितीला तुमचं नाव पसंत पडलंय. कोरण्यासाठी तेवढं पूर्ण नाव कळवा.