चिकटपट्टीखालचं बटण

बोटभर चिकटपट्टी, जखमेवर लावतात ती.

चोवीस मोबाइलवर एकच निरोप : आपली वेळ रद्द झाली आहे.

राखाडी रंग. डोळ्यांना शांत वाटतो म्हणे.

"ते तुमचं मत झालं, काकू."

दातांच्या दवाखान्यात काकू एकोणीस वर्षं काउंटर सांभाळत होत्या. वहीच्या जागी टॅबलेट आला, आणि त्यातलं सॉफ्टवेअर त्यांच्या सख्ख्या पुतण्याच्या डोक्यातून निघालेलं. दिवसाची यादी भरली की खाली दोन बटणं : डावीकडे 'जतन', उजवीकडे 'रद्द'. दोन्ही राखाडी, अक्षरं मुंगीएवढी. अंगठा आपसूक पडतो तिथे नेमकं 'रद्द'. पहिल्याच आठवड्यात काकूंनी दोनदा अख्खा दिवस पुसला. डॉक्टरांनी बजावलं, तिसऱ्यांदा झालं तर काउंटर सोडायचं आणि आत हत्यारं धुवायची.

काकूंनी पुतण्याला फोनवर धारेवर धरलं. तो म्हणाला, आवडनिवड ज्याची त्याची.

"आवडनिवड भाजीत असते. माणसं दारातून परत गेली, ही कुणाची आवड रे?"

"ते तुमचं मत झालं, काकू. डिझाइनमध्ये चूक-बरोबर नसतं."

"हो का? मग जिन्याची एक पायरी गायब असली तर तेही मतच. पडणाऱ्याचं."

फोन ठेवून काकूंनी 'रद्द'वर चिकटपट्टी डकवली. उघडं दिसेल ते दाबायचं, विषय संपला. सात आठवडे सगळं सुतासारखं सरळ चाललं. येणाऱ्या-जाणाऱ्याला पट्टी दाखवून त्या विचारत, हेसुद्धा माझं मतच का?

सोमवारी त्यांनी यादी भरली आणि उघडं बटण दाबलं. चोवीस जणांना निरोप गेला, त्यातला एक आत खुर्चीवर तोंड उघडून बसलेल्या गृहस्थांना. त्यांनी तो वाचला, तोंडातला कापूस काढून डॉक्टरांच्या हातावर ठेवला आणि अर्धवट भरलेली दाढ घेऊन ते निघून गेले.

डॉक्टर बाहेर आले. काकूंनी पट्टी सोलून काढली. खाली 'जतन'.

पुतण्याला फोन लावला तर तो खुशीत होता. "काकू, तुमचंच बरोबर होतं. आज सकाळीच दोन्ही बटणांची अदलाबदल केली."

हेच वाक्य ऐकायला काकूंनी सात आठवडे जीव आटवला होता.

"बरोबर-चूक काही नसतं रे," त्या दात आवळून म्हणाल्या. "ते आपलं माझं मत होतं."

डॉक्टरांनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. काकू हत्यारं धुवायला गेल्या.

आदल्या शुक्रवारी पुतण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीला एक पत्र गेलं होतं : आमच्या काउंटरवरच्या बाईंचं म्हणणं योग्य आहे, बटणांच्या जागा ताबडतोब बदलाव्यात. खाली डॉक्टरांची सही होती.