पेशकारांची वीज

हैदराबादेहून परतल्यापासून केजच्या कचेरीतले पेशकार बंकटराव घरच्या कंदिलाकडे जरा तुच्छतेनेच बघत. तिथल्या एका नवाबाच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, त्यांनी बटण दाबलं की लागणारा दिवा पाहिला होता. (तो पुन्हापुन्हा लावून बघताना दरबानाने हात धरला, हे मात्र घरी सांगितलं नाही.)

"वाहत्या पाण्यातून वीज निघती," ते बायकोला, केशरबाईंना म्हणाले. "आपल्या मोटेचं पाणी नुसतंच पाटात पळतंय. लिंबागणेशचे पाव्हणे आपल्या रुक्मिणीला बघायला येतील, तवा विजेच्या उजेडात जेवतील!"

"पाव्हणे पोरगी बघायला येतेत, का दिवा?"

बंकटरावांनी ऐकलं नाही. परसातल्या विहिरीवर, मोटेचं पाणी पडतं तिथे लाकडी चाक बसलं. चाकाला पट्ट्याने सायकलचा डायनामो आणि तिथून सोप्यापर्यंत तार. मोट ओतली, चाक गरगरलं आणि सोप्यात लिंबाएवढा दिवा लागला! केशरबाईंनी नकळत हात जोडले. बंकटरावांचे तर डोळेच भरून आले. पाण्यातून उजेड, चेष्टा नव्हती.

पाहुणे आले, मोहनराव आणि त्यांच्या गीताबाई. पानं वाढेपर्यंत दिवस मावळला आणि आश्रुबा गड्याने बैल सोडले.

"आश्रुबा, इज्जतीचा सवाल हाय!"

"इज्जत तुमची हाय मालक, पण बैल थकलेत. हाकायचे तर तुमी हाका."

बंकटरावांनी घरातला एकुलता एक कंदील विहिरीवर टांगला (बैल दिसायला नकोत का?) आणि स्वतः कासरा धरला. सोपा उजळला. मोहनराव "वा! वा!" करत दिव्याकडे बघत राहिले, पण पानाला हात लावीनात.

"यजमान पानावर बसल्याबिगर आमी जेवत न्हाई."

निरोप गेला. बंकटराव धावत येऊन पानावर बसले. मोट थांबली, अंधार झाला.

"घ्या पाव्हणे, बसलो मी."

"पान कुठं हाय?"

बंकटराव पुन्हा विहिरीकडे पळाले. उजेड आला, यजमान गेले. यजमान आले, उजेड गेला. भाकरी गार होत चालली. पाहुणे उपाशी उठले तर सोयरीक मोडलीच म्हणायची, या धास्तीने पेशकारांच्या खेपा वाढल्या.

शेवटी मोहनरावच उठून विहिरीवर आले. फिरतं चाक बघून हरखले.

"काय डोकं लढवलंत, पेशकारसाहेब! पण मोट अशी हाकत्यात व्हय? आणा कासरा!"

मग होणाऱ्या व्याह्यांनी बैल हाकले आणि बंकटराव निसटणारा पट्टा दाबून बसले. सोप्यात दिवा कसा झकास तेवू लागला. आणखी एक मोट, आणखी एक मोट करताना दोघांना भुकेची आठवणही राहिली नाही.

अखेर बैल बसले. कंदील घेऊन दोघे सोप्यात आले, तर रुक्मिणीसकट तिन्ही बायका जेवून सुपारी कातरत बसलेल्या. पुरुषांच्या आधी, गरम गरम, त्या घरात बायका पहिल्यांदाच जेवल्या होत्या.

"पोरगी पसंत हाय," गीताबाई म्हणाल्या. "भरीत लई झ्याक करती."

बंकटरावांचा जीव भांड्यात पडला. "आन् वीज?"

"लईच चांगली सोय! आमच्या हिरीवर बी बसवून द्या. मोट हाय, अन् हाकायला आमचे हे हायेत."

केशरबाईंनी दोघांपुढे गार भाकरी आणि कांदा ठेवला.

"एवढंच उरलंय," त्या म्हणाल्या. "उद्याबी लावा बरं का वीज!"