नानांचं लिनक्स आणि अक्कांची गाणी

देविदास नाना नव्या शेजाऱ्याला आडनाव विचारत नसत. मेहरूणच्या गल्लीत मी राहायला आलो तेव्हा सामान अजून टेम्पोतच होतं. नाना फाटकाशी येऊन म्हणाले, "भाऊ, तुमना कॉम्प्युटरवर काय शे?"

मी म्हणालो, विंडोज. नाना "बरं" म्हणून जे गेले, ते चार महिने माझ्याशी बोलले नाहीत.

निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांच्या नाहीतर देवाच्या मागे लागतात, नाना लिनक्सच्या मागे लागले. निम्म्या गल्लीची यंत्रं त्यांनी न विचारता सुधारली. पुतणीला स्थळ आलं तेव्हा मुलाला पगाराआधी सिस्टिम विचारली, आणि तो विंडोजवाला निघाल्यावर चहा अर्धा ठेवून उठले. विंडोजच्या जागी टाकायच्या या फुकटच्या सिस्टिमला कुणी हसलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "फुकट शे, पन हलकं नही."

घरातला एक लॅपटॉप मात्र त्यांच्या हाती लागला नव्हता. तो सुमनअक्कांचा, त्यांच्या बायकोचा. अक्कांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. आईकडून ऐकलेली अहिराणी गाणी त्यांच्या डोक्यात होती, दुसऱ्या कुणाला येत नव्हती. आता गाता येत नाही, तर निदान टाइप करून ठेवायची, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला. डॉक्टरांनी फार महिने सांगितले नव्हते.

अक्का उपचारासाठी पंधरा दिवस धुळ्याला बहिणीकडे राहिल्या. नानांचं जाऊन-येऊन चालू होतं. तेवढ्या दिवसांत त्यांनी अक्कांच्या लॅपटॉपवर लिनक्स चढवलं. वाईट हेतू नव्हता. यंत्र फार हळू चालतं, तिचा वेळ वाया जातो, असं त्यांना वाटलं. गाण्यांची फाइल जपून ठेवली होती, पण जुना मराठी फॉन्ट गेला. अक्कांनी परत येऊन फाइल उघडली, तर पडद्यावर नुसत्या खुणा. कीबोर्डवरची अक्षरंही नेहमीच्या जागी सापडेनात.

"दोन दिनमा सवय व्हई जाई," नाना म्हणाले.

अक्कांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "सवय व्हवाले मनाकडे दिन कोठे शेतस?"

हे मला नानांनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी भरदुपारी माझ्या दारात उभं राहून. बगलेत लॅपटॉप होता. मी कॉलेजच्या ऑफिसात तोच जुना फॉन्ट वापरतो, हे त्यांना ठाऊक होतं. "तुमनं विंडोज याम्हा टाकी द्या," ते म्हणाले. चार महिन्यांचा अबोला मला बोलून दाखवायचा होता, खरं सांगतो. त्यांचा चेहरा पाहून मी गुपचूप खुर्ची सरकवली. संध्याकाळपर्यंत गाणी वाचता येऊ लागली. नानांनी पहिलं गाणं मोठ्यानं वाचलं आणि उठून नळावर तोंड धुऊन आले.

त्यानंतर अक्का रोज टाइप करायच्या, आणि नाना शेजारी बसून उशी सरळ करायचे. विंडोजबद्दल अवाक्षर काढलं नाही. बोटं थकत गेली. दिवसाला चार ओळींवरून अक्का दोनवर आल्या, मग एकीवर. शेवटचं गाणं बिदाईचं होतं. ते अर्ध्यावर राहिलं आणि अक्का गेल्या.

तेराव्यानंतर मी भीतभीत म्हणालो, "नाना, लॅपटॉपवर परत लिनक्स टाकायचं असेल तर मी मदत करतो."

"नको भाऊ," ते म्हणाले आणि मला आत घेऊन गेले. पलंगाजवळच्या स्टुलावर लॅपटॉप चालूच होता, चार्जर लावलेला. पडद्यावर तेच अर्धं गाणं, आणि शेवटच्या शब्दापुढे उघडमीट करणारी उभी रेघ.

"सेव्ह करेल शे," नाना म्हणाले. "पन तिनं उघडं ठेयेल शे. मी कसं बंद करू?"

कोपऱ्यात एक चौकट आली. नवे बदल झाले आहेत, यंत्र बंद करून पुन्हा चालू करा, नाहीतर ते आपोआप बंद होईल, असं तिचं म्हणणं होतं. नाना वाकले, चष्मा नीट केला आणि 'नंतर'वर बोट दाबलं. हे करायला ते दिवसातून तीन-चारदा घरी येतात, बाजारात असले तरी.