पारखी नरहरराव

नरहरराव समोरच्या माणसाच्या डोळ्यांत कधी बघत नसत. बाई असेल तर नाकाकडे बघत, पुरुष असेल तर बोटांकडे. नाकात चमकी किंवा बोटात अंगठी दिसली की त्यांचा हात सदऱ्याच्या खिशात जाई आणि पितळी कडीचं भिंग बाहेर येई. त्या घराचा तो दिवस मग वायाच जायचा.

जिंतुरात आमची दोघांची घरं भिंतीला भिंत लागून होती. मी शाळेत मास्तर, ते एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून. टपालावर शिक्के मारणाऱ्या माणसाला हिऱ्यांतलं कळावं कसं, तर म्हणे तरुणपणी हैदराबादला एका जवाहिऱ्याकडं दोन वर्षं काढली होती. तिथं नेमकं काय करत होता, असं विचारलं की ते विषय बदलत. काचा पुसत असावेत, असा माझा अंदाज.

"आब न्हाई" हे त्यांचं पालुपद. आब म्हणजे हिऱ्याचं पाणी, त्याच्या आतलं तेज. पण त्यांना आमच्या हेडमास्तरांच्या भाषणातही आब दिसत नसे, वांग्याच्या भाजीतही नाही. एका लग्नात पंगतीला शेजारी कापसाचे एक बडे व्यापारी बसले होते. नरहररावांनी त्यांचा हात उचलून अंगठीवर तोंडाची वाफ सोडली. खऱ्या हिऱ्यावरची वाफ लगेच उडून जाते. ही बसून राहिली. "काच हाय शेठ. खिडकीला लावा," असं सांगून त्यांनी शांतपणे जिलबी वाढून घेतली. शेठ जेवणावरून उठून गेले.

अशी माणसं स्वतःला खरं बोलणारे म्हणवतात. मला ती नुसती उद्धट वाटतात. नरहररावांची बायको बोरीच्या मुलींच्या शाळेत शिकवायची आणि तिथंच राहायची. नोकरीमुळं, असं ते सांगत. बोरी आमच्या परभणीच्या रस्त्यावरच, बसनं फार लांबही नाही. पण अकरा वर्षांच्या शेजारात ती बाई मला एकदाही दिसली नव्हती. या माणसाजवळ राहील कोण, असं म्हणून मी तो प्रश्न मिटवला होता.

त्र्याहत्तर साली माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न गंगाखेडला ठरलं. तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी हिऱ्याच्या चमकीचा आग्रह धरला. आई म्हणाली, आपल्याला त्यातलं काही कळत नाही, नरहररावांना घेऊन जा. मी पुष्कळ टाळून पाहिलं. शेवटी आम्ही दोघं परभणीहून गाडीनं हैदराबादला गेलो आणि वाटेतल्या प्रत्येक स्टेशनच्या चहात आब नव्हता.

दुकानात त्यांनी पहिल्याच वाक्यात मला लाज आणली. दिवे बंद करा म्हणाले. बल्बाखाली काचसुद्धा नाचते. मग खड्यांचा ट्रे दारापाशी, सावलीतल्या उजेडात आणवला. पांढऱ्या कागदाची घडी करून तिच्या खाचेत खडा पालथा ठेवला. अंगचा पिवळेपणा असा बाजूनं कळतो, वरून चमक बघणारा फसतो. मी एका मोठ्या खड्यावर बोट ठेवलं, तर त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं.

"गुरुजी, आकारावर जाऊ नका. ह्याचं पोट चपटं हाय, उजेड तळातून गळून जायलाय. पैलू नीट पाडलेला लहानसा घ्या, तो उजेड परत वर फेकतो."

डाग सगळ्यांतच असतो म्हणाले, कडेला असला तर कोंदणात झाकला जातो, मधोमध असला तर घेऊ नये. दोन तासांत त्यांनी बावीस खडे नाकारले. दुकानदाराचा चेहरा पडत गेला, माझाही. तेविसावा मुगाच्या डाळीएवढा होता. तो भिंगाखाली बराच वेळ फिरवून त्यांनी नुसती मान हलवली. तोच चमकीत बसवून घेतला. उजेडात धरल्यावर मलाही फरक दिसला, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मी पिशवी उचलली, तर ते जागचे हलेनात. दुकानदाराला म्हणाले, अजून एक चमकी द्या, तुम्हाला बरी वाटेल ती. भिंग त्यांनी आधीच खिशात ठेवून दिलं होतं. दुकानदार गोंधळला. त्यानं एक चमकी काढून पुडीत बांधली, यांनी ती न बघता घेतली.

हैदराबादहून गाडीनं परत आलो. परभणीहून जिंतूरच्या बसमध्ये बसलो. बोरी आली तसे उठले आणि मलाही उतरवलं. थांब्यावरच्या बाकावर बसून त्यांनी ती पुडी माझ्या हातात दिली. शाळेमागच्या गल्लीत तिसरं घर, म्हणाले. "तुमी द्या. माझ्या हातून घ्यायची न्हाई ती."

दार त्यांच्या बायकोनं, कौसल्याबाईंनीच उघडलं. नाकात काही नव्हतं. मी कोण ते सांगितलं, पुडी पुढं केली. त्यांनी ती उघडली नाही. पारखून घेतली असेल ना, असं विचारलं. मी म्हणालो, नाही, दुकानदारानं दिली तशी घेतली.

उंबऱ्यातच उभ्या राहून त्या सांगू लागल्या. लग्नानंतर हे पहिल्यांदा माझ्या माहेरी आले, तेव्हा वडिलांनी दिलेली चमकी यांनी चारचौघांत भिंगाखाली धरली होती. काच निघाली. वडील तसेच उठून शेतात गेले आणि पुन्हा जावयासमोर कधी बसले नाहीत. वडील होते तोवर मीही यांच्या घरी गेले नाही, म्हणाल्या, आणि वडील वारल्यावर मला कोणी बोलवायला आलं नाही.

"काचच होती ती, गुरुजी. ते खोटं बोलले न्हाईत. वडिलांची ऐपत तेवढीच होती, मला ठाऊक होतं. पण सांगायची काही जागा असती का न्हाई?"

पुडी त्यांनी मुठीत धरली होती. हेही आलेत ना, थांब्यावर बसलेत का, असं विचारलं. मी हो म्हटलं. चहा टाकते, दोघंही या, म्हणाल्या.

मी थांब्यावर आलो. नरहरराव ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. चहाला बोलवलंय, मी म्हणालो. त्यांनी विचारलं, "दोघांला?"

"नाही," मी म्हणालो, "तुम्हालाच."

तेवढ्यात जिंतूरची बस आली, मी चढलो. खिडकीतून बघितलं तर ते सदऱ्यावरची धूळ झटकत होते. पाच-सहा पावलं गेले, थांबले, परत आले, नळावर तोंड धुतलं आणि मग गल्लीकडं वळले.