आधी चंद्री, मंग मंगल

“आगं, उन्हात उभी ऱ्हा की! सावलीत पळालीस तर बावची वाया जाईल!”

राजुरीत सकाळी ही आरोळी उठली की नवखे पावणे हबकायचे. बाप पोटच्या पोरीला उन्हात तळतोय की काय! कुंपणावरून डोकावलं की दिसायची चंद्री : आमच्या शेजारच्या दगडूतात्यांची म्हैस. तिच्या कपाळावर जन्मापासूनचा पांढरा चांद, आणि त्यावर उन्हातच लागू पडणाऱ्या बावचीच्या औषधी तेलाचा थर. समोर तात्या, वैशाखातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद.

दुखणं अर्थात म्हशीचं नव्हतं. तात्यांच्या मंगलच्या हातावर कोड उठलं, आणि पोर आळे गावचं कॉलेज सोडून घरात बसली. तिला पुन्हा एसटीत चढलेली बघायचं, एवढाच तात्यांचा ध्यास. “आधी चंद्री, मंग मंगल,” हा त्यांचा कायदा. म्हशीचा चांद काळा पडला, तरच औषध पास!

घरातून पांढरं हद्दपार झालं. दही गेलं, मुळा गेला, भिंतींना गेरू लागला. गावातल्या पांढऱ्या कोंबड्या तर तात्या दिसले की वाट बदलायच्या. चंद्रीला पेंडीतून फॉलिक ॲसिड, गुळातून बी-ट्वेल्व्ह, वर जुन्नरच्या बाजारातला झाडपाल्याचा काढा. चांद ढिम्म. म्हैस मात्र अशी तुकतुकीत झाली, की माणसं तिच्या पाठीत बघून भांग पाडायची.

अखेर मंगलनंच बापाला ओढत नारायणगावच्या कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी रक्त तपासून कमी पडलेलं जीवनसत्त्व दिलं, मलम दिलं, आणि “म्हशीला सोडा,” असं बजावलं. काही महिन्यांनी डागात तिळाएवढे तपकिरी ठिपके दिसले.

“उगवलं, भाऊ, उगवलं!” तात्या गावभर ओरडत सुटले, जणू खडकावर कांदा रुजला. डाग अजून पुष्कळ होते. पण त्या सोमवारी मंगल बाही दुमडून एसटीत चढली.

गाडी वळली, तशी तात्यांनीही बाही वर सारली. कोपरापर्यंत भाजल्याचे काळे चट्टे.

“तात्या, हे वो काय?” मी विचारलं.

“बावचीचं. उन्हात फोड येत्यात.”

“पण औषध तर चंद्रीवर बघत होता ना?”

“रंग तिच्यावर बघायचो. आग झाली तर म्हशीला सांगता येत न्हाई.”