पिवळ्या रेघेपलीकडची सासू

"या पुलावरून विषाणूच काय, माझी सख्खी सासूसुद्धा कागदपत्रांशिवाय देशात पाऊल टाकणार नाही!"

मेकाँग नदीवरच्या पुलाच्या थाई टोकाला, प्रवेश तपासणीचे प्रमुख विचियनसाहेब मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर हे बोलत असताना त्यांच्या पाठीमागून एक पिवळा कुत्रा लाओसमधून चालत आला. हात धुवायच्या नळाचा त्याने वास घेतला, तिथेच तंगडी वर केली आणि लसीचा एकही कागद न दाखवता तो देशात शिरला. चित्रफीत तालुकाभर गाजली. ती आपल्या बाणेदारपणामुळे गाजली, असं साहेबांचं प्रामाणिक मत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी सासू आली.

सोमआई थोरल्या लेकीकडे पलीकडे लाओसात, व्हिएन्तिआनला पंधरा दिवसांसाठी म्हणून गेल्या होत्या. तेवढ्यात कोरोना आला, पूल बंद झाला आणि पंधरा दिवसांची दोन वर्षं झाली. आता पूल उघडला होता, नियमही सोबत घेऊन. उद्या सोमआईंना बहात्तर वर्षं पूर्ण होत होती. तिथल्या पंचांगात बारा वर्षांचं एक चक्र; अशी सहा आवर्तनं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. सकाळी सातला नऊ भिक्खू घरी येणार होते, दोनशे माणसं जेवणार होती. कागदात खोट निघाली, तर मात्र सोमआईंचा मुक्काम विलगीकरणासाठी सात दिवस शाळेच्या वर्गात पडणार होता.

"आई साडेपाचपर्यंत घरी आली नाही," बायकोने, नोयने, सकाळीच बजावलं होतं, "तर तुम्हीही येऊ नका. पुलावरच झोपा. तुमचा लाडका पूल आहे."

तपासणीच्या पिवळ्या रेघेच्या पलीकडे सोमआई एका डब्यावर बसल्या होत्या. डब्यात दोन वर्षं मुरवलेली मासळी होती. दोन मास्कमधून वास येत होता. ज्यांना येत नव्हता त्यांना बाजूला घेऊन चाचणी करावी, असा विचार पिमच्या मनात येऊन गेला. पिम ही साहेबांची कनिष्ठ अधिकारी. साहेबांनी लिहिलेले चोवीस नियम तिला तोंडपाठ होते. साहेबांना नव्हते.

"साहेब, अडचण आहे," पिम म्हणाली. "पासपोर्टवर नाव बुनमी. लसीच्या कागदावर फच्चराफॉन. या दोन बायका झाल्या."

"दोन कुठे? मी एकटी बसलेय!" सोमआई म्हणाल्या. "पासपोर्ट काढला आणि मग ज्योतिषी म्हणाला, या नावात तब्येतीला वाईट अक्षर आहे. बदललं नाव. म्हणून तर मला कोरोना झाला नाही!"

"आजी, ते खरं. पण बुनमीला लस नाही आणि फच्चराफॉनकडे पासपोर्ट नाही."

"मग दोघींना मिळून आत घे की!"

साहेबांनी बायकोला फोन लावला. "आईंचं खरं नाव काय गं?"

"आई."

"कागदावरचं विचारतोय!"

"मला काय माहीत? सगळं गाव सोमआई म्हणतं. अहो, वीस वर्षं तिच्या हातचं खाताय, आज नाव विचारताय?"

"साहेब, नियम अकरा," पिमने आठवण करून दिली. "नावात फरक असेल तर सज्ञान नातेवाइकाने साक्ष द्यायची. नातेवाईक रेघेच्या प्रवाशाकडच्याच बाजूला हजर हवा आणि तो तपासणी अधिकारी नसावा."

"हा कुणी लिहिला?"

"तुम्हीच, साहेब."

तेवढ्यात पलीकडून खणखणीत हाक आली. "ए मू! मू रे! ऊन लागतंय मला!"

मू म्हणजे डुक्कर. घरात साहेबांना लाडाने तेच म्हणत, पण पुलावर रांगेत साठ माणसं उभी होती आणि कॅमेरावाला आजही हजर होता. साहेब लगबगीने गेले आणि सोमआईंच्या कानाशी वाकले.

"आई, इथे साहेब म्हणा. चारचौघांत मान राखा ना."

"तू माझा राखलास? सख्खी सासू म्हणे! ती फीत व्हिएन्तिआनपर्यंत आली होती. कुत्रा छान दिसत होता त्यात."

"साहेब," पाठीमागून पिमचा नम्र आवाज आला. "तुमचे पाय."

साहेबांनी खाली पाहिलं. पिवळी रेघ त्यांच्या मागे होती. चांगली दोन हात मागे.

"नियम चौदा," पिम म्हणाली. "रेघ ओलांडणारा कोणीही, कारण व हुद्दा न पाहता, परदेशातून आलेला प्रवासी समजला जाईल."

"अगं, मी इथेच आहे सकाळपासून!"

"सगळे असंच म्हणतात, साहेब. पासपोर्ट?"

"घरी."

"चाचणीचा कागद?"

साहेबांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. कॅमेरा त्यांच्याकडेच पाहत होता.

"मग सात दिवस शाळेत," पिम म्हणाली. "पण एक चांगली गोष्ट आहे. आता तुम्ही अधिकारी नाही, नुसते प्रवासी आहात. शिवाय नातेवाईक आहात आणि योग्य बाजूला उभे आहात. आजींची साक्ष देऊ शकता."

विचियनने सही केली. शिक्का पिमने मारला. बुनमी आणि फच्चराफॉन एकाच चपलांच्या जोडीत रेघ ओलांडून आल्या. मासळीचा डबा सांभाळत, साडेपाचला दहा मिनिटं असताना, त्या घरी पोचल्या. नोयने आईला मिठी मारली आणि नवऱ्याची चौकशी जेवताना केली.

दुसऱ्या दिवशी नऊ भिक्खू आले, दोनशे माणसं जेवली. शाळेत विचियन तिसरीच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसले होते. खिडकीबाहेर कॅमेरावाला आणि पिम उभे राहिले.

"देशाला काही संदेश, साहेब?"

विचियनने घसा साफ केला. मास्क नीट केला. दाराकडे एकवार पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पिम, तो पिवळा कुत्रा माझी उजवी चप्पल घेऊन मघाशी पुलाकडे गेलाय. परत आला तर त्याला तेवढं अडवू नकोस."